सोळा मैलांचे आठ कोस

मंगळवार, ५ जानेवारी १९५४. बोरटोला डेपो.

नागभीडहून बापूजीचं पार्सल आलं. आत: कॅनव्हासचे जोडे एक जोड, सहा रुपये चार आणे. लोकरी मोजे, एक रुपया दोन आणे. गूळ दोन शेर, चौदा आणे. आणि साखळीचं खिशातलं घड्याळ, त्याला किंमत नाही, कारण ते परत करायचं आहे. बापूजी माझा मोठा भाऊ, जंक्शनवर मालबाबू. चिठ्ठीत लिहितो, रोज सकाळी सातला चावी देत जा, रेल्वेचं घड्याळ आहे, ते चुकत नाही.

जोडे एक बोट मोठे निघाले. पुढे कापूस भरला.

हे सगळं कशासाठी, ते एकदा लिहून ठेवते. यांची इथली मुन्शीगिरी हंगामी. ठेकेदाराचा सागवान एप्रिलमध्ये उचलला की डेपो बंद. जंगल खात्यात गार्डच्या जागा निघाल्या आहेत. यांचं लेखी झालं, छाती मोजून झाली. राहिली चालण्याची परीक्षा. सोळा मैल, चार तासांत, पंधरा फेब्रुवारीला आलापल्लीला. एक मिनिट वर गेलं तरी नाव कटतं. वयाची अट अठ्ठावीस, आणि येत्या होळीला यांना अठ्ठावीस पूर्ण होतात. म्हणजे ही पहिली वेळ आणि शेवटचीही.

आमच्याकडे मैलाचे दगड नाहीत, नुसती गाडीवाट आहे. म्हणून पार्सल घेऊन आलेल्या लालसूलाच विचारलं. हा आमचा डाकवाला. वीस वर्षं झाली, खांद्यावर थैली घेऊन आलापल्लीहून पायी येतो, पायी जातो. मंगळवारी आणि शनिवारी. म्हणाला, "देवमोहापावतर दोन कोस हाय बाई. माह्या बुढ्याच्या टायमापासून दोनच हाय." देवमोह म्हणजे वाटेवरचं ते जुनं मोहाचं झाड, बुडाशी लालसूच्या लोकांचे देव मांडलेले आहेत.

शाळेच्या पुस्तकात एक कोस म्हणजे दोन मैल. दोन कोस चार मैल. जाऊन-येऊन आठ, दोन खेपा सोळा. गणित सोपं आहे. चालायचं तेवढं यांना आहे.

रविवार, १० जानेवारी

पहिली खेप. सकाळी सहाला मारुतीपुढे दिवा लावला, नारळ ठेवला, यांना निघायला लावलं. घड्याळ माझ्याजवळ ठेवलं. दुसऱ्याची वस्तू जंगलात कशाला.

आखणी माझी होती. देवमोह एका तासाच्या आत, घरी परत दोन तासांच्या आत. पहिल्या खेपेत दहा-पंधरा मिनिटं वाचवायची आणि ती दुसऱ्या खेपेत खर्च करायची. घर मी असंच चालवते. महिन्याच्या सुरुवातीला हात आखडला तर शेवटचा आठवडा निभतो.

दोन तास पाच मिनिटांनी परत आले. तोंड लाल, सदरा पिळून काढावा असा. पाणी प्यायले आणि पुन्हा निघाले. दुसऱ्या खेपेला तीन तास पंचवीस मिनिटं लागली. एकूण साडेपाच तास.

सोळा मैलांना साडेपाच तास. बैलगाडीसुद्धा याच्या फार मागे राहणार नाही. हे मी मनात म्हटलं, पण चेहऱ्यावर आलं असावं, कारण हे अर्धं जेवूनच ताटावरून उठले.

मंगळवार, १२ जानेवारी

लालसू डाक घेऊन आला. हे त्याला वाटेत दिसले होते म्हणे, पहाटे डेपोआधी थोडं चालतात तेव्हा. मला म्हणाला, "मुन्शी घोड्यावानी निंगते आन् गाढवावानी येते."

मी म्हटलं, आधी वेळ वाचवावी लागते लालसूभाऊ, शेवटी पाय थकतात तेव्हा कामी येते.

"वेळ साठून ठेवता येत नाई बाई. दम ठेवता येते."

"म्हणजे काय करायचं?"

"पैले बोलत बोलत जायचं. बोलता नाई आलं त समजायचं का जास्त होऊन राह्यलं. चढावावर पाय लहान टाकायचा. मंग आखरीले सोडायचा, जेवढा असन तेवढा."

ज्याला वीस वर्षांत कोणी घड्याळ दाखवलं नाही, त्याने मला वेळ शिकवावी. तरी लिहून ठेवलं.

त्याच्या हातात जांभळाची डहाळी होती, नेहमी असते. पानं चाचपून त्याने ती अंगणात टाकली. हे काय म्हणून विचारलं तर म्हणे, कोस पाहतो. "थंडीत कोस लंबा होते बाई. उनाळ्यात आखडते." मी हसले. मॅट्रिक झालेल्या बाईची थट्टा करायची आणि तोंड मात्र गंभीर ठेवायचं, ही याची खोड आहे.

डहाळी उचलून बकरीला टाकली.

गुरुवार, १४ जानेवारी. संक्रांत.

तीळ कमी होते, गुळात शेंगदाणे कुटून भागवलं.

आज मारुतीसमोर बोलून आले. हे पास होईपर्यंत मीठ सोडलं. घरी आल्यावर यांना सांगितलं.

"तुह्या मीठ सोडल्यानं माहे पाय चालतीन काय?"

"चालतील."

मग ताट ओढलं आणि म्हणाले, "मंग माह्याही भाजीत नोको टाकू. तू अळणी खाशीन आन् मी चवीनं खाऊ, बरं नाई दिसत."

मला बरं वाटलं. दोघांनी मिळून धरलेला नेम देवाला जास्त पोचतो.

रविवार, १७ जानेवारी

पाच तास पंचवीस. पाच मिनिटं सुधारली म्हणायची तर दुसऱ्या खेपेत पोटऱ्यांत गोळे आले, नाल्याजवळ बसावं लागलं. तेल चोळून दिलं. जोड्यांनी टाच सोलली ती वेगळी.

रविवार, २४ जानेवारी

आज पुरं झालंच नाही.

पहिली खेप दोन तास दोन मिनिटांत आणली. मी दारातच उभी होते, घड्याळ दाखवून म्हटलं, अजून दोन मिनिटं जास्त आहेत, आता थांबू नका. गेले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मग झिंगू गाडीवान यांना गाडीत घालून घेऊन आला. दोन्ही पायांत गोळे, वाटेत ओकले, बोटं थरथरत होती. झिंगू उतरवताना म्हणाला, "बाई, मुन्शीले मारून टाकता काय?"

त्याला पाणीही विचारलं नाही मी. राग आला होता. कोणाचा, ते आत्ता लिहितानाही कळत नाही.

दुपारी भांडण झालं. हे पडल्या पडल्या म्हणाले, "हा कोस मले लंबा वाटून राह्यला, वच्छला."

"कोस कोणाच्या थकव्यानं लांबत नाई."

"मंग तूच चालून पाहाय."

"मी चालली असती त चार तासांत आली असती."

हे माझ्या तोंडून गेलं. जायला नको होतं. यांनी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी दोन वेळा जप केला, पण मन लागलं नाही. आकडे डोक्यात फिरत राहिले. आठ कोस. चार तास. कोसाला अर्धा तास. एवढं काय मोठं मागणं आहे? इथल्या बाया डोक्यावर मोळी घेऊन बाजारापर्यंत जातात. आणि एक सत्तावीस वर्षांचा गडी, दुधाचा अर्धा शेर फक्त त्याच्यासाठी ठेवते, त्याला कोसाला अर्धा तास पुरत नाही.

मंगळवार, २६ जानेवारी

डेपो बंद, डाक बंद. लालसू स्वतःहून आला. मला काही न विचारता यांना म्हणाला, "चाल मुन्शी, आज माह्यासंगं. बाईचं घड्याळ बाईपाशी राहू दे."

जोडे नको म्हणाला. यांच्या जुन्या चपलांना दोरी बांधून दिली. कमरेच्या पिशवीतून खडेमीठ काढून यांच्या तळहातावर ठेवलं आणि हे मुकाट्यानं चाटून मोकळे झाले. माझ्यासमोर. मी म्हटलं, नेम आहे. लालसू म्हणाला, "घाम कोणाचा निंगते, देवाचा का मुन्शीचा?" हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून मीही अडवलं नाही. पण नेम मोडला तो मोडला.

पहिल्या खेपेला दोन तास अडतीस मिनिटं. दोघे बोलत बोलत आले, कोणाच्या तरी म्हशीची गोष्ट चालली होती. मला रडू यायचं राहिलं. अडतीस मिनिटं आधीच गेली, आता कुठून भरून काढणार. दुसऱ्या खेपेला मात्र दोन तास अठ्ठावीस. दहा मिनिटं कमी. एकूण पाच तास सहा.

आजवरचं सर्वांत चांगलं. ओकले नाहीत, गोळे आले नाहीत, आल्यावर विहिरीवरून दोन घागरी पाणीही आणून दिलं. येताना पळसाची दोन फुलं आणली, देवाला, पहिलीच. पण पाच तास सहा म्हणजे पाच तास सहा. देवाला फुलं चालतील, साहेबाला चालणार नाहीत.

नेम मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून मी आज एकवेळ जेवले.

रविवार, ३१ जानेवारी

लालसूच्या पद्धतीनं. पाच तास चार.

मंगळवार, २ फेब्रुवारी

बापूजीला लिहिलं, घड्याळ पुढे तर जात नाही ना. पाच तास सहा, पाच तास चार. माणूस थकलेला दिसत नाही आणि वेळ मात्र हलत नाही. यात कुठेतरी गफलत आहे, पण मला सापडत नाही. आखणी तीनदा तपासली. सोळाला चारनं भागलं की चारच येतात.

रविवार, ७ फेब्रुवारी

पाच तास चार. पुन्हा तेवढेच. शेवटचा अर्धा कोस तर पळत आले, तरी तेवढेच.

काल बापूजीचं उत्तर आलं होतं. घड्याळ चुकत नाही, तुझं काहीतरी चुकतं.

आंघोळीनंतर हे ओसरीवर बसले. मी समोर तांदूळ निवडत होते.

"लालसूची चाल चांगली हाय," हे म्हणाले, "पण तिच्यानं एक तास जास्त लागते. तू म्हणत होतीस तेच खरं. पैलेच पळून घ्याव. आठ मैल जीव तोडून पळतो. मंग उरलेले सरपटत का होईना."

मी म्हणणार होते, पळून पाहिलंत, झिंगूनं गाडीत घालून आणलं. पण चालून तर नक्कीच होत नाही. पळून निदान एखादे वेळी होईल.

म्हटलं, "पळा."

"आन् नाई झालं त?"

"होईल."

"नाई झालं त गावी धानाच्या बांधीत राबाले जाऊ. माहा भाऊ हाकलून थोडी देते." मग हलकेच, "तुले तिथी आवडत नाई, मले मालूम हाय."

मी सूप उचलून आत गेले. तांदूळ दिसत नव्हते धड, निवडणार काय.

गुरुवार, ११ फेब्रुवारी

सागवानाच्या ट्रकनं पहाटेच आलापल्लीला गेले. दादाजी सुताराकडे उतरतील. ते यांच्या गावचे. जोडे नेले, चपलाही नेल्या. घड्याळ मी स्वतः खिशात घालून दिलं आणि साखळी काजाला अडकवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

ट्रक निघताना म्हणाले, "आता मीठ खा वच्छला." मी म्हटलं, पास झाल्यावर. त्यांनी मान हलवली. तेही अळणीच खाणार आहेत, मला कळलं. त्या दिवशीचं प्रायश्चित्त म्हणून आता दोघांनी कडक पाळलं, हे बरं.

घर रिकामं आहे. सातला चावी द्यायला गेले आणि कोनाड्यात घड्याळ नाही.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

दिवेलागण टळली, आधी हे लिहिते.

दुपारी रस्ता मोजणारी माणसं आली. गाडीवाट पक्की होणार आहे. मोजणीची साखळी ओढणारा झाडू नावाचा माणूस पाणी मागायला आला. पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. सहज विचारलं, कुठपर्यंत मोजलं?

"तुमच्या दारातून देवमोहापावतर, बाई. चारशे वीस साखळ्या."

मी म्हटलं, "तीनशे वीस असतील."

"चारशे वीस. हे पाय पाहा, गिनती यानंच केली."

"साखळी तीच ना? ऐंशी साखळ्यांचा मैल?"

"सरकारची दुसरी कोणती साखळी राहते?"

तो गेला. मी पाटीवर भागाकार मांडला. पुसून पुन्हा मांडला. चारशे वीस भागिले ऐंशी. सव्वापाच. चार नाही. सव्वापाच मैल जायला, सव्वापाच यायला. दोन खेपांचे एकवीस मैल.

एकवीस मैल. दर रविवारी. आणि मी दारात उभी राहून घड्याळ दाखवत होते.

चुलीसमोर बसून पाच तास चारची मिनिटं केली, एकवीसनं भागली, सोळानं गुणली. तीन तास बावन्न. पुन्हा केलं. तीन तास बावन्न. लालसूच्या चालीनं, बोलत बोलत, म्हशीची गोष्ट सांगत.

आणि सोमवारी हे पहिले आठ मैल जीव तोडून पळणार आहेत. मी म्हटलं होतं, पळा.

शनिवार, १३ फेब्रुवारी

लालसू सकाळी डाक न्यायला आला तेव्हा मी वाटेवरच उभी होते. म्हटलं, लालसूभाऊ, देवमोह सव्वापाच मैल आहे. तुम्ही दोन कोस सांगितलं.

"दोनच कोस हाय."

"दोन कोसाचे चार मैल होतात."

"मैल सरकारचा हाय बाई, कोस आमचा हाय. डहाळी तोडून घ्याची, चालाचं. पान कोमेजलं का एक कोस. माह्या बुढ्यानं हा पावसाळ्यात मोजला होता. पावसाळ्यात पान लवकर कोमेजत नाई." जरा थांबून, "तुमी कोस पुसला, मी कोस सांगतला. मैल कुठी पुसला तुमी?"

डहाळी त्याने माझ्या अंगणात टाकली होती. मी बकरीला घातली.

पत्र त्याच्या हाती दिलं, थैलीत नाही. म्हटलं, परवा सकाळी सहाला परीक्षा आहे, त्याच्या आधी मुन्शींच्या हातात पडलं पाहिजे. दादाजी सुताराकडे.

"उद्या दिवस बुडाच्या आंदी देतो."

"धावत जा लालसूभाऊ."

"धावणार नाई बाई. धावलो त पोचणार नाई."

आणि गेला, त्याच त्याच्या चालीनं. वळणापर्यंत पाहत होते. एवढा हळू चालणारा माणूस मी पाहिला नाही, आणि आज त्याला हाक मारून घाई करायची हिंमत झाली नाही.

पत्राची नक्कल ठेवते.

यांस, वच्छलाचा नमस्कार.

पत्र हाती येताच बसून वाचा, उभ्यानं नको. चूक माझी आहे. देवमोह चार मैल नाही, सव्वापाच मैल आहे. काल साखळीनं मोजला. लालसूचा कोस आणि माझ्या पुस्तकातला कोस वेगळा निघाला. तुम्ही सोळा मैल चालत नव्हता, एकवीस चालत होता. तुम्ही म्हणाला होता की कोस लंबा वाटतो. तुमच्या पायांना कळलं ते मला कळलं नाही, आणि मी जे बोलले ते बोलले.

आता नीट ऐका. पळू नका. मी पळा म्हटलं होतं ते खोडून टाका. लालसूसोबत चाललात तसे चाला, तोंडानं बोलता येईल अशा चालीनं. तिथे पक्क्या रस्त्यावर मैलाचे दगड आहेत आणि घड्याळ तुमच्या खिशात आहे. दर दगडाला साडेचौदा मिनिटं. बाकीचे पुढे पळत जातील, जाऊ द्या, तुम्ही पाहू नका. असे चाललात तर तीन तास बावन्न मिनिटांत याल. चार वेळा केलं आहे, गणित बरोबर आहे. आठ मिनिटं उरतात. ती शेवटच्या मैलापर्यंत राहू द्या.

चपला घाला, जोडे नको. सहा रुपये चार आणे गेले तर गेले.

आणि मीठ खा. आज रात्रीच खा, सकाळी निघताना थोडं जवळही ठेवा. नवस मी बोलले होते, तुम्ही नाही. मारुतीला मी सांगितलं आहे.

पास-नापास साहेब लिहितील तेव्हा कळेलच, त्याची मला घाई नाही. लालसू मंगळवारी डाक घेऊन इथे येईल, त्याच्या हाती दोन ओळी द्या. पहिला मैल हळू गेलात का, एवढंच उलट टपाली कळवा.